सत्तावीस सूचना आणि काकींचा श्वास

गोव्यात फोंडा तालुक्यात एका देवळाच्या सभागृहात मी बायकांचा योगाचा क्लास घेते, मंगळवार गुरुवार शनिवार, सकाळी साडेसहा ते साडेसात. सोळा-सतरा जणी असतात, बहुतेक चाळीस ते पासष्टच्या मधल्या. हे जे लिहितेय ते त्यातल्या एका काकींबद्दल आहे, त्यांना विचारूनच लिहितेय, फक्त नाव-गाव घालू नको म्हणाल्या म्हणून नुसतं काकी.

काकी ६१ वर्षांच्या, सरकारी मराठी प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकवलेलं, रिटायर होऊन वर्ष झालेलं. बीपीची गोळी चालू आहे, डावा खांदा वर नेताना टोचतो, बाकी तब्येत ठणठणीत. डॉक्टरांनी योगाला हो म्हटलेलं, एकच अट, जोर लावताना श्वास कोंडायचा नाही. ही अट बरोबरच आहे, कारण दम कोंडून ताकद लावली की छातीतला दाब वाढतो आणि बीपी एकदम वर उडतं, आणि ज्याला आधीच बीपी आहे त्याने ते रोज सकाळी उठून करण्यात काय अर्थ आहे.

जूनमध्ये त्या आल्या, पाऊस लागला होता तेव्हा. एकही क्लास चुकवायच्या नाहीत. आणि तरी सात महिन्यांनंतर वीरभद्रासनात, म्हणजे पाय फाकवून पुढचा गुडघा वाकवायचा त्या आसनात, उभ्या राहिल्या की कपाळावर आठ्या, ओठ घट्ट मिटलेले, हाताची बोटं ताठ, आणि श्वास बंद. मी सांगायचे, काकी श्वास चालू ठेवा, मग एक मोठा उसासा टाकायच्या आणि परत बंद. हात वर घेतले की डावा खांदा तसाच टोचायचा. घरी करता का विचारलं तर म्हणायच्या, "नाही गो बाय, तू नसलीस की काय करायचं तेच आठवत नाही." मला वाटायचं वय आहे, लागेल वेळ. आणि दर वेळी मी अजून एक सूचना वाढवायचे, म्हणजे काकींना अजून नीट कळेल.

माझं शिक्षण कुठे झालं ते इथे सांगायला हवं. मी २०० तासांचा टीचर ट्रेनिंग कोर्स किनाऱ्याकडच्या एका ठिकाणी केला, सगळा इंग्लिशमध्ये, बरोबरचे बहुतेक परदेशी. तिथे प्रत्येक आसनाची एक स्क्रिप्ट असायची, पायाच्या बोटापासून डोक्याच्या टोकापर्यंत, आणि परीक्षेत ती न थांबता म्हणायला लागायची. मध्ये गप्प राहिलं की मार्क जायचे. ती मी पाठ केली आणि मग इकडे येऊन तिचं मराठी केलं, शब्दाला शब्द. पावलाचे चार कोपरे जमिनीत रुजवा. टेलबोन खाली सोडा. हृदय उघडा. आता विचार करा, बीपी असलेल्या बाईला सकाळी सकाळी कोणी सांगतंय हृदय उघडा. आणि पावलाच्या कोपऱ्यांचं तर असं झालं की मागच्या रांगेतल्या एका बाईंनी ते हाताचं कोपर ऐकलं, आणि पावलाला कोपर कसं लावायचं ते बघत बसल्या, महिनाभर, मला कोणी सांगितलंसुद्धा नाही.

मग पौष महिना आला. आमच्या इथे धालो असतात, रात्री मांडावर, म्हणजे त्यासाठीच्या ठरलेल्या मोकळ्या जागेत, बायका दोन ओळी करून समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेत हात घालून, गात गात पुढे यायचं, वाकायचं, मागे जायचं. मी माझ्या मावशीच्या गावच्या धालोंना गेले होते तर काकी तिथे, माहेर त्यांचं तेच. मी तासभर त्यांच्याकडेच बघत होते. पुढे पाऊल टाकताना गुडघा वाकतोय, मागचा पाय सरळ राहतोय, कमरेतून वाकतायत, परत वर येतायत, आणि सगळा वेळ गातायत. म्हणजे श्वास चालू आहेच, गाताना श्वास कोंडणार कसा. नंतर फुगड्या झाल्या, त्यातही काकी होत्या, गिरकी घेताना दोन्ही खांदे लांब ताणलेले, चेहऱ्यावर कुठे आठी नाही. तेच शरीर. तोच गुडघा, ज्याला मी सात महिने सांगत होते की घोट्याच्या वर ये, आत पडू नको, मांडी बाहेर फिरव.

आणि हे त्यांना कोणी शिकवलं, कोणीच नाही, म्हणजे तोंडाने कोणी नाही. आईच्या आणि काक्यांच्या मध्ये उभ्या राहून शिकल्या. एखादी पोर चुकली तर शेजारची कमरेतल्या हाताने तिला ओढते, बस.

त्या रात्री मला झोप आली नाही. पुढच्या मंगळवारी मी क्लासमध्ये फोन कोपऱ्यात ठेवून रेकॉर्डिंग लावलं, सगळ्यांना विचारून, आणि घरी येऊन फक्त वीरभद्रासन दोन एका बाजूचं कागदावर उतरवलं. असं होतं ते: उजवं पाऊल बाहेर, डावं थोडं आत, टाच आणि कमान एका रेषेत, उजवा गुडघा वाकवा, घोट्याच्या बरोबर वर, गुडघा आत नको, मांडी बाहेर फिरवा, पावलाचे चारी कोपरे दाबा, मागच्या पावलाची बाहेरची कड दाबा, मागची गुडघ्याची वाटी वर खेचा, टेलबोन खाली, नाभी आत, खालच्या बरगड्या आत, छाती वर, हात खांद्याच्या लेव्हलला, खांदे कानापासून लांब... आणि असंच पुढे नजरेपर्यंत. सत्तावीस सूचना. पंचावन्न सेकंदांत. म्हणजे दोन सेकंदाला एक. सव्विसावी होती "चेहरा रिलॅक्स" आणि शेवटची "श्वास चालू ठेवा". व्हिडिओत काकींचे श्वास मोजले, त्या पंचावन्न सेकंदांत दोन, आणि दुसरा माझी सूचना आल्यावर.

मी तो कागद काकींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, वहीत तपासतात तशा बोट ठेवून, आणि म्हणाल्या, "बाय, पहिलीच्या मुलाला पहिल्या आठवड्यात आम्ही ग म भ न देतो, चारच अक्षरं. ती गिरवून झाली, त्यातले शब्द वाचता यायला लागले की मग पुढची. तू मला एका मिनिटात अख्खी बाराखडी देतेस गो." आणि मग थोडं थांबून, "मी सातवं ऐकेपर्यंत पहिलं सुटतं. मग तू रागावशील म्हणून मी सगळं घट्ट धरून ठेवते." तू रागावशील म्हणून. एकसष्ट वर्षांची बाई, जिने शेकडो मुलांना वाचायला शिकवलं, ती माझ्या क्लासमध्ये घाबरून उभी होती आणि मला ते आठ्यांमध्ये दिसत असूनही कळलं नव्हतं.

चार अक्षरांवरून आठवलं. माणसाच्या डोक्यात एका वेळी किती गोष्टी राहतात यावर जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा सात, दोन कमी-जास्त हा आकडा बऱ्याच जणांना माहीत असतो, पण २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो खाली आणून साधारण चारवर ठेवला. काकींचं ग म भ न बरोबर तिथेच बसतं. आणि हे चार म्हणजे शांत बसून लक्षात ठेवायचे, इथे तर एका पायावर वजन घेऊन, मांडी थरथरत असताना.

नंतर मी हालचाल शिकण्याच्या शास्त्रावरचं जेवढं समजेल तेवढं वाचलं, फिजिओथेरपी करणाऱ्या मैत्रिणीच्या मदतीने. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९८ चा एक प्रयोग आहे, स्कीइंगसारखी डावी-उजवी हालचाल करायला लावणारं एक मशीन, त्यावर काही जणांना सांगितलं पावलाने जोर लावा, काही जणांना सांगितलं पावलाखालच्या चाकांवर जोर लावा, आणि काहींना काहीच सांगितलं नाही. चाकं आणि पाऊल यांत अंतर किती, इंचांचं. पण चाकांकडे लक्ष दिलेले चांगले शिकले, आणि पावलांकडे लक्ष द्यायला सांगितलेले काहीच न सांगितलेल्यांच्या पुढे गेले नाहीत. कारण असं मांडतात की शरीर जे आपोआप जुळवून घेत असतं त्यात आपण जाणून हात घातला की ते अडखळतं. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, रशियात निकोलाय बर्नस्टाईन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांचं चित्रीकरण करून बघितलं होतं, तर हातोडा दर वेळी बरोबर जागी येतो पण खांदा, कोपर, मनगट यांचे कोन दर वेळी थोडे वेगळे. मला लगेच मांड आठवला. काकींचा गुडघा प्रत्येक पावलाला थोडा वेगळा वाकत होता, पण ओळ मोडत नव्हती. मी मात्र प्रत्येक सांध्याला स्वतंत्र हुकूम देत होते.

खांद्याचं तर मला जास्त लागलं, कारण तिथे माझी सूचना नुसती जास्त नव्हती, चुकीची होती. हात डोक्यावर नेला असताना मी सांगायचे खांदे खाली खेचा, कानापासून लांब. हात पूर्ण वर जातो तेव्हा साधारण १८० अंशांपैकी १२० खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० पाठीवरचं खांद्याचं पातं वर फिरून देतं, हे १९४४ पासून पुस्तकांत आहे. म्हणजे पात्याला वर फिरायचंय आणि मी त्याला खाली दाबायला लावतेय. काकी आज्ञाधारक, जोरात दाबायच्या. मग टोचेल नाहीतर काय होईल. मी ती सूचना बंद केली आणि सांगितलं, काकी, चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट) बांधताना वर हात घालता ना, तो नारळांचा घड अडकवायला, तसा हात घाला. हात गेला. थोडं टोचलं, पण पूर्वीसारखं नाही, आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत ते अजून कमी झालं. सगळं या एका वाक्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, मैत्रिणीने त्यांना खांद्याचे दोन व्यायामही दिले होते. पण हात वर जाताना चेहरा बदलला तो त्याच दिवशी.

मग फेब्रुवारीपासून पूर्ण क्लासचीच रीत बदलली. आधी मी आसन दोनदा करून दाखवते, गप्प राहून, एकदा समोरून एकदा बाजूने. मग जास्तीत जास्त तीन वाक्यं. वीरभद्रासनाला आता एवढंच म्हणते: पुढची टाच लादीच्या रेषेवर ठेवा, दोन्ही हातांनी दोन भिंती गाठायच्यात, आणि बसा खाली जेवढं आरामात बसता येईल तेवढं. मग मी बोलत नाही, चालत जाऊन बघते. काकींचा गुडघा आत पडत होता, तर त्याला बाहेरून माझा तळहात लावला, म्हटलं याला टेकवा. टेकवला. पाचव्या-सहाव्या वेळी हात नसतानाही तिथेच गेला. आणि श्वासाची सूचना तर पूर्ण काढून टाकली, त्याऐवजी सगळ्यांना सांगितलं गुणगुणा, काहीही, आरती म्हणा, धालोंचं गाणं म्हणा, ओठ मिटूनच पण आवाज यायला हवा. सभागृहात तो आवाज घुमतो, मधमाश्यांसारखा. आवाज थांबला की मला कळतं कोणाचा श्वास अडकला, मोजायला जावं लागत नाही.

आसन झाल्यावर विचारते, कुठे जाणवलं. हे शेवटी ठेवण्यामागे कारण आहे. कॅरोली विनस्टीन आणि रिचर्ड श्मिट यांनी १९९० मध्ये दाखवलं की प्रत्येक प्रयत्नानंतर बरोबर-चूक सांगण्यापेक्षा साधारण निम्म्या वेळाच सांगितलं तर नंतर, सांगणारं कोणी नसताना, माणसाला जास्त चांगलं येतं. सतत सांगत राहिलं की शिकणारा स्वतःच्या शरीराकडून येणारी खबर ऐकायचं सोडून सांगणाऱ्यावर टेकतो. "तू नसलीस की आठवत नाही" याचा अर्थ मला तेव्हा लागला.

पहिले तीन आठवडे वाईट गेले, हेही लिहिते. शांतता झाली की बायका डोळे उघडून एकमेकींकडे बघायच्या, कोणीतरी खोकायचं, आणि मला तर घशाशी शब्द यायचे, बोलायचं असायचं म्हणून नाही, मी फी घेतेय आणि नुसती उभी आहे असं वाटायचं म्हणून. एक बाई सोडूनच गेल्या. जाताना दुसरीला म्हणाल्या की आता टीचर काही शिकवत नाही, पूर्वी किती बारीक सांगायची. त्यांचं मला वाईट वाटतं, कारण त्यांना खरंच ऐकत ऐकत करायला आवडायचं, आणि त्यांना मी मधला रस्ता काढून देऊ शकले नाही.

आणि बारीक सूचना म्हणजे वाईटच, असं माझं मुळीच म्हणणं नाही. बी. के. एस. अय्यंगार यांच्या पुण्याच्या परंपरेत किती बारीक सांगतात ते सगळ्यांना माहीत आहे, पण तिथल्या जुन्या शिक्षकांचं शिकवणं बघितलंय मी, ते आधी समोरच्याला बघतात आणि मग त्याच्या त्या वेळच्या टाचेला बोलतात. मी बघत नव्हते, मी म्हणत होते. पाठ केलेलं, हवेत, सतरा जणींना एकसारखं. माझ्याच क्लासमध्ये एक चौतीसची मुलगी आहे, मणक्याची गादी सरकलेली, तिला पुढे वाकताना काय करायचं आणि कुठे थांबायचं ते मी आजही पाच-सहा वाक्यांत सांगते, जवळ बसून, हळू आवाजात, आणि ती मागूनच घेते. सर्वांगासनात मान वळवायची नाही हे दर वेळी सांगते, हजार वेळा सांगितलेलं असलं तरी. मानेवर वजन येतं तिथे मी शब्द वाचवत नाही.

मैत्रिणीने एक प्रश्न घातला होता, त्याचं उत्तर द्यायला मला वेळ लागला. ती म्हणाली, हे चाकं-बिकं सगळं कौशल्याचं झालं, योगात तर लक्ष आतच न्यायचं असतं ना, मग भिंत गाठा, माटोळी बांधा असं बाहेर कशाला नेतेस. बरोबर आहे तिचं. पण मांडी बाहेर फिरवा ही सूचना ऐकताना काकींचं लक्ष आत नव्हतंच, ते माझ्या तोंडाकडे होतं. आता भिंत गाठून झाल्यावर जे तीन-चार श्वास शांत मिळतात त्यात त्यांना आतलं कळतं. एका गुरुवारी आपणहून म्हणाल्या, "डाव्या बाजूला असताना मी उजव्या पायावर जास्त टेकते, उजव्या बाजूला तसं होत नाही." हे मला कधी दिसलं नव्हतं. पतंजलींच्या दुसऱ्या पादात आसनाबद्दल स्थिरसुखम् म्हटल्यावर लगेच पुढच्याच सूत्रात प्रयत्नशैथिल्य येतं, प्रयत्न सैल होणं. प्रत्येक बॅचच्या पहिल्या दिवशी मी ती दोन सूत्रं म्हणून घ्यायचे, आणि त्यानंतरचा तासभर सत्तावीस-सत्तावीस प्रयत्न मागायचे.

एप्रिलच्या मध्यावर परत रेकॉर्डिंग केलं. तेच आसन, तीच बाजू, पंचावन्न सेकंद. माझी वाक्यं चार, ठरवलेल्या तीनवर एक गेलं. काकींचे श्वास सहा. गुडघा पुस्तकातल्या फोटोसारखा नाही, थोडा कमी वाकतो, पण आत पडत नाही आणि त्या तिथे उभ्या राहून समोरच्या खिडकीतून बाहेर बघतात. घरी सकाळी सोप्यावर तीन आसनं करतात, नातीला बरोबर घेऊन. नात सात वर्षांची, तिला काय सांगता विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, मी करते ती करते. बीपीवर काय फरक पडला ते मी लिहिणार नाही, गोळी चालूच आहे आणि ते डॉक्टरांनी बघायचं.

सध्या त्रिकोणासन बाकी आहे. त्यात काकींचा आवाज मध्येच थांबतो, डाव्या बाजूला जास्त, आणि मीसुद्धा त्यात अजून नऊ वाक्यं बोलते, गेल्या गुरुवारी मोजली. हात जमिनीकडे न्यायच्या आधीचं काय सांगायचं आणि काय गाळायचं ते मला अजून सापडलेलं नाही. शनिवारी खाली एक स्टूल ठेवून बघणार आहे, म्हणजे हाताला जायला जागा राहील आणि मला ते तोंडाने सांगावं लागणार नाही.